ताटाची डावी बाजू

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



फलकावर विषय लिहिलाय, 'डावा मेंदू, उजवा मेंदू'. त्यामुळे आज कुणी डॉक्टर बोलणार, अशी काहींची समजूत झाली असेल. तसं नाही. मी पुस्तकांवर लिहिणारा माणूस आहे. मेंदूत काय चालतं ते मी सांगणार नाही, ते सांगणारे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत. मला बोलायचंय ते मेंदूविषयी जे लिहिलं जातं त्याबद्दल. एखाद्या कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो, म्हणजे ही काय म्हणते, कशाच्या जोरावर म्हणते आणि वाचणाऱ्याचं काय करते, तेच प्रश्न आज एका कल्पनेला विचारायचे आहेत.

कल्पना तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. डावा मेंदू हिशेबी, तर्काचा, भाषेचा. उजवा मेंदू कलावंत, भावनांचा, कल्पनेचा. माणसंही त्याप्रमाणे दोन जातींची. सुट्ट्या लागल्या की आपल्याकडे वर्तमानपत्रातून पत्रकं पडतात : 'मुलाचा उजवा मेंदू जागृत करा.' अशा एका वर्गाची चाचणी देऊन आलेली ओळखीतली एक मुलगी मला म्हणाली, "काका, मी डाव्या मेंदूची निघाले, आता चित्रकला सोडते." वय वर्षं अकरा. मी हसलो नाही. एका कागदानं तिला सांगितलं होतं, की डोक्याचा अर्धा भाग तुझा नाही.

आता ही कल्पना हवेतून आलेली नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. तिचा उगम चांगल्या घरातला आहे. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा एक रुग्ण वारला. वीसेक वर्षं तो तिथं होता. दुसऱ्याचं बोललेलं त्याला बरंचसं समजायचं, पण त्याच्या तोंडून जवळजवळ एकच अक्षर निघायचं, 'तां'. सगळे त्याला 'तां' म्हणूनच हाक मारत. पॉल ब्रोका या शल्यविशारदानं त्याचा मेंदू तपासला, तेव्हा इजा डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात आढळली. एका रुग्णावरून ब्रोकानं लगेच डाव्या-उजव्याचा सिद्धांत मांडला नाही, हे लक्षात ठेवा. आणखी रुग्ण पाहून, चार वर्षं थांबून, १८६५ साली त्यानं स्पष्ट सांगितलं की बोलण्याचं काम डावा गोलार्ध करतो. सिद्धांताला चार वर्षं थांबवून ठेवणं हा गुण पुढे फार दुर्मिळ झाला.

मग शंभर वर्षांनी अमेरिकेत रॉजर स्पेरी आणि त्यांचे सहकारी. अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे झटके कशानंच आटोक्यात येत नव्हते अशा काही रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली. दोन गोलार्धांना जोडणारा जो चेतातंतूंचा जाड पट्टा असतो, कॉर्पस कॅलोसम, सुमारे वीस कोटी तंतूंचा, तो कापण्यात आला. यातला एक रुग्ण, दुसऱ्या महायुद्धात लढलेला सैनिक, १९६२ मध्ये शस्त्रक्रियेला सामोरा गेला. नंतर तो चालत होता, बोलत होता, वरवर पाहता काही बदललं नव्हतं. पण नजरेच्या उजव्या बाजूला चित्र दाखवलं तर तो नाव सांगे, डाव्या बाजूला दाखवलं तर काहीच दिसलं नाही म्हणे. डावीकडचं दृश्य जातं उजव्या गोलार्धाकडे, आणि त्याला तोंड नाही. मात्र त्याच गोलार्धाच्या ताब्यातला डावा हात ती वस्तू चाचपून बरोबर काढू शके.

स्पेरींचे विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांनी पुढे अशाच एका मुलावर केलेला प्रयोग तर एखाद्या कथेसारखा आहे. डाव्या गोलार्धाला दाखवला कोंबडीचा पंजा, उजव्याला बर्फानं झाकलेलं घर. समोर चित्रं ठेवली आणि सांगितलं, जुळणारं निवड. उजव्या हातानं कोंबडी निवडली, डाव्या हातानं फावडं. बर्फ उपसायला फावडं, बरोबरच आहे. मग विचारलं, फावडं का? उत्तर देणार कोण, तर डावा गोलार्ध, ज्यानं बर्फ पाहिलेलंच नाही. तो जराही अडखळला नाही. कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की, असं त्याचं उत्तर. (हशा)

हसा, पण यात आपल्या विषयाची किल्ली आहे. माहीत नसलेल्या गोष्टीचं कारण अगदी सहज रचून देण्याची ही खोड आहे आणि मेंदूवर लिहिणाऱ्यांनाही ती सुटलेली नाही.

स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनीच इशारा दिला होता, की डाव्या-उजव्याच्या या विभागणीवर स्वार होऊन भरकटणं फार सोपं आहे. तोवर लोक भरकटलेले होते. वाट कुठे चुकली ते पाहू.

पहिली गोष्ट. हे प्रयोग झाले ते पूल कापलेल्या माणसांवर. तुमचा-माझा पूल शाबूत आहे, त्यावरून क्षणोक्षणी रहदारी चालू असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एखादं काम मुख्यतः एका बाजूला होतं, हे एक विधान. एखादा माणूस एका बाजूचा असतो, हे अगदी वेगळं विधान. पहिल्याला पुरावा आहे, दुसऱ्याला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ७ ते २९ वर्षं वयाच्या १,०११ जणांची मेंदूची छायाचित्रणं तपासली. विशिष्ट कामांची जाळी डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेली होतीच. पण ज्याची सगळी जाळी एका बाजूला बळकट आहे, अशा 'डाव्या मेंदूच्या' किंवा 'उजव्या मेंदूच्या' माणसांचे गट काही निघाले नाहीत. म्हणजे त्या अकरा वर्षांच्या मुलीला जे लेबल लावलं, त्या लेबलाचा माणूसच सापडत नाही.

आणि कला उजवीकडे? सोव्हिएत संगीतकार शेबालिन यांना १९५९ मध्ये दुसऱ्यांदा झटका आला आणि त्यांची वाचा, भाषेची समज पार कोलमडली. त्यानंतर त्यांनी आपली पाचवी सिंफनी लिहिली. आता कुणी म्हणेल, बघा, भाषा डावीकडे, संगीत उजवीकडे! थांबा. १९७४ मध्ये एक साधा प्रयोग झाला. चाल ओळखायची, एकेका कानानं. संगीत न शिकलेल्यांना ती डाव्या कानानं बरी ओळखता आली, म्हणजे उजव्या गोलार्धाचं पारडं जड. शिकलेल्यांचं उलटं झालं. गाणं तेच, पण ऐकण्याची रीत बदलली तशी बाजू बदलली. तेव्हा 'संगीत कुठे असतं' हा प्रश्नच अपुरा. कोण ऐकतंय आणि कसं ऐकतंय, हेही विचारायला हवं.

आता दोन पुस्तकांकडे वळतो. दोन्ही गाजलेली, दोन्ही मी आवडीनं वाचलेली. वाईट पुस्तकांवर टीका करण्यात वेळ घालवू नये.

पहिलं बेटी एडवर्ड्स यांचं 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन', १९७९ चं. बाई चित्रकला शिकवत. त्यांचा प्रसिद्ध धडा असा : पिकासोनं काढलेलं स्ट्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं धरा आणि उलटंच उतरवून काढा. ज्याला 'मला चित्र येत नाही' असं आयुष्यभर वाटत आलं, त्याच्याकडून चक्क बरं चित्र निघतं. मी करून पाहिलंय. खरंच निघतं. कारण समजायला सोपं आहे. सुलट चित्रात आपण 'डोळा', 'नाक', 'हात' अशी नावं पाहतो आणि मनात साठलेला ठोकळेबाज डोळा काढतो. उलट्या चित्रात नावं गळतात, उरतात रेषा आणि रेषांमधल्या मोकळ्या जागा. मग आपण पाहू लागतो.

ही शिकवणूक अस्सल आहे. प्रश्न आहे तिच्यावर चढवलेल्या शीर्षकाचा. हा धडा समजून घ्यायला उजव्या गोलार्धाची गरज कुठे लागली? मी आत्ता तो तुम्हाला मेंदूचं नावही न घेता सांगितला. बाईंनाही हे जाणवलं असावं. शास्त्रज्ञांचे आक्षेप आले तेव्हा त्यांनी खुलासा केला, की आपण 'एल' आणि 'आर' अशा दोन विचाररीतींबद्दल बोलतो, प्रत्यक्ष मेंदूत त्या कुठेही असोत. कुठेही असोत! पण मग मुखपृष्ठावर 'उजवी बाजू' कशाला?

दुसरं पुस्तक पुष्कळ मोठ्या तोलाचं. इयन मॅकगिलख्रिस्ट यांचं 'द मास्टर अँड हिज एमिसरी', २००९ चं. हे गृहस्थ आधी ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकवायचे, मग वैद्यक शिकून मनोविकारतज्ज्ञ झाले. त्यामुळे ते पत्रकवाल्यांसारखी चूक करत नाहीत. तर्क डावीकडे, भावना उजवीकडे ही वाटणी ते पहिल्याच झटक्यात फेटाळतात. दोन्ही गोलार्ध सगळ्यांत भाग घेतात, फरक 'काय' करतात यात नसून 'कसं' करतात यात आहे, असं ते म्हणतात. एक बारीक, नेमकं, पकडीत घेणारं लक्ष देतो. दुसरा विस्तृत, सावध, सगळ्याचं भान ठेवणारं. याला प्राण्यांमधलाही आधार आहे. कोंबडीचं पिल्लू खड्यांतून दाणा निवडताना उजवा डोळा वापरतं, म्हणजे डावा गोलार्ध, आणि डाव्या डोळ्यानं वर घार आली का ते बघतं. खायचंही आहे आणि खाल्लं जायचंही नाही. दोन्ही लक्षं एकाच वेळी हवीत. विभागणीचं हे कारण मला पटतं. पुस्तकाचा पहिला भाग मी दोनदा वाचला.

अडचण दुसऱ्या भागात सुरू होते. तिथं हे दोन गोलार्ध पात्रं होतात. एक शहाणा धनी, एक आगाऊ कारभारी. ग्रीक काळापासून प्रबोधन, धर्मसुधारणा, औद्योगिक क्रांती, आधुनिक कला, सगळा पाश्चात्त्य इतिहास म्हणजे या कारभाऱ्यानं धन्याची गादी बळकावण्याची कहाणी. वाचायला रंगतदार आहे, खोटं कशाला बोलू. पण समीक्षकानं विचारायला हवं, की यातलं कुठलं विधान चुकीचं ठरू शकतं? एखाद्या शतकात कविता बहरली तर उजवा गोलार्ध वर आला, कारखाने वाढले तर डावा. दोन्ही एकदम झाले तर दोघांचा झगडा चालू होता. जे घडेल ते बसतंच. आपल्याकडे पत्रिका पाहणारे असेच कधी चुकत नाहीत.

आणि शेवटी मॅकगिलख्रिस्टही एडवर्ड्सबाईंच्याच दाराशी येतात. ते लिहितात त्याचा आशय असा, की उद्या हे सगळं गोलार्धांशी संबंधित नाही असं सिद्ध झालं तर आपल्याला आश्चर्य वाटेल, पण दुःख होणार नाही; रूपक म्हणूनही ते खरं उरेल. या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं पाहिजे. पण दोन्ही लेखक अखेर म्हणतात काय? जागा महत्त्वाची नाही. मग चारशे-पाचशे पानं मेंदूचा हवाला का? कारण उघड आहे. 'यंत्रवत जगू नका, भोवतालचं भान ठेवा' असं नुसतं म्हटलं तर तो उपदेश होतो. 'तुमचा उजवा गोलार्ध उपाशी आहे' म्हटलं की तेच विज्ञान होतं. रूपकानं शब्द कोशातून घेतले तर ठीक, पण इथे ते प्रयोगशाळेची पत उसनी घेतं आणि परत करायची वेळ आली की म्हणतं, मी तर रूपक होतो.

यानं कुणाचं काय बिघडतं, असं विचाराल. म्हणून एक घरची गोष्ट सांगतो.

माझ्या मामांना मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. डावा हात, डावा पाय लुळा. पण बोलणं स्वच्छ. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "बोलतायत ना, मग निभावलं!" दवाखान्यातही कुणी फारसं समजावून सांगितलं नाही. मीसुद्धा अर्धवट वाचलेला. मला वाटलं, उजवी बाजू म्हणजे कल्पना, चित्रकला वगैरे. मामा बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना कुठे चित्रं काढायची आहेत?

घरी आल्यावर भांडणं सुरू झाली. आपलं ताट तुम्हाला माहीत आहे. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. मामा रोज चिडायचे, "चटणी का वाढली नाहीस?" मामी म्हणायची, "अहो, समोर आहे." भाताचा उजवा अर्धा संपायचा, डावा तसाच. दाढी अर्धीच करायचे. पेपरातले मथळे मध्येच सुरू करून, याला अर्थ नाही म्हणून टाकून द्यायचे. डाव्या हाताबद्दल विचारलं तर म्हणत, "त्याला काय झालंय? चांगला आहे." मामीला वाटे, हट्टीपणा करतायत, मुद्दाम छळतायत. चाळीस वर्षांचा संसार, आणि ती मला बाजूला घेऊन रडत म्हणाली, "हे असे नव्हते रे."

याला वैद्यकात नाव आहे, डाव्या बाजूचं दुर्लक्ष. डोळे चांगले असतात. पण जगाची डावी बाजू त्या माणसासाठी उरतच नाही. डावा गोलार्ध मुख्यतः उजवीकडे लक्ष देतो, उजवा दोन्हीकडे. म्हणून डावा बिघडला तर उजवा सांभाळून घेतो, उजवा बिघडला की डावीकडे पाहणारं कुणी राहत नाही. १९७८ मध्ये इटलीत बिझियाक आणि लुत्साती यांनी अशा दोन रुग्णांना मिलान शहरातल्या कॅथेड्रलसमोरचा चौक डोळ्यांसमोर आणायला सांगितला, जो त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात असं समजा, म्हटल्यावर त्यांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग म्हटलं, आता कॅथेड्रलच्या दारात उभे राहा, पाठ त्याच्याकडे. आता त्यांनी आधी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि आधीच्या गाळल्या. आठवणीतल्या चौकाचीही डावी बाजू गेली होती.

उजवा गोलार्ध काय करतो, हे मला मामांच्या ताटात कळलं. घरातल्या फिजिओथेरपीच्या मुलीनं शेवटी मामीला समजावलं. मग मामी जेवणाच्या मध्यावर ताट अर्धं फिरवायची, आणि मामा म्हणायचे, "आत्ता वाढलीस होय!" भांडण संपलं. रूपकवाल्या लेखकांना मेंदूतली जागा महत्त्वाची वाटत नसेल. आमच्या घरात तिच्यावरच सगळं अवलंबून होतं. खरी माहिती आणि लोकप्रिय समजूत यांत किती अंतर आहे हे मी त्या ताटावरून मोजतो. 'उजवा म्हणजे कलावंत' या एका वाक्यानं आम्हाला दोन महिने एका आजारी माणसाला हट्टी समजायला लावलं.

जाता जाता आपल्या लिपीबद्दल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात देवनागरी वाचनावर अभ्यास झाला. वाचताना डाव्या गोलार्धातल्या नेहमीच्या भागांबरोबर उजव्यातलेही काही भाग काम करताना दिसले. कारणाचा अंदाज आपल्यालाही करता येईल. आपल्या मात्रा अक्षराच्या वर, खाली, पुढे, मागे बसतात. 'कि' मधली वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. जागेचं भान ठेवावं लागतं. निष्कर्ष सुंदर आणि माफक. पण बातम्यांत आणि फिरणाऱ्या संदेशांत त्याचं झालं काय, तर 'देवनागरी वाचा, दोन्ही मेंदू तल्लख करा. इंग्रजीनं अर्धाच चालतो.' जास्त भाग काम करतात म्हणजे मेंदू जास्त चांगला होतो, हे कुणी दाखवलं? कदाचित काम अवघड आहे, एवढाच त्याचा अर्थ. मराठी वाचायला माझ्याकडे याहून चांगली कारणं आहेत. (टाळ्या)

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'मेंदूच असं सांगतो' म्हणालं, तर त्या वाक्यातून मेंदू काढून वाचून पाहा. तरीही अर्थ पुरा उरला, तर तो मेंदू तिथं शोभेसाठी होता. काढल्यावर वाक्य कोसळलं, तरच पुरावा मागण्यासारखं काही आहे. थांबतो. 

(श्रोत्यांपैकी एका ताईंनी विचारलं : "माझा मुलगा डावखुरा आहे. घरचे म्हणतात सवय मोडा. त्याचा मेंदू उलटा असतो का?")

नाही ताई. उजवखुऱ्यांपैकी बहुतेकांची भाषा डावीकडे असते. डावखुऱ्यांतही सुमारे सत्तर टक्क्यांची डावीकडेच असते. उरलेल्यांची उजवीकडे किंवा दोन्हीकडे. त्यात आजार काही नाही आणि अलौकिक प्रतिभाही नाही. डावखुरा म्हणून तो कलावंत होईल, असंही कुणी सांगू नका, त्याच्यावर ते ओझं नको. जेवताना कुठला हात, हे घरचं वळण. ते तुम्ही आणि आजी मिळून ठरवा. लिहायला मात्र त्याच्या हातात पेन्सिल आहे तिथंच राहू द्या. आणि वही जरा उजवीकडे कलती ठेवायला शिकवा, म्हणजे लिहिलेलं त्याच्याच हाताखाली पुसलं जाणार नाही.